बोकडाचे मांस, तूप आणि प्लेगची लस : वाल्डेमार हाफकिन

पेडण्याच्या काजूबागेत वा डिचोलीच्या भातशेतात सर्पदंश झालेल्या माणसाला जे प्रतिविष टोचले जाते, ते घोड्याच्या रक्तातील प्रतिपिंडांपासून केलेले असते. मुंबईत परळच्या हाफकिन संस्थेने हे कार्य दीर्घकाळ केले. ज्यांचे नाव तिला मिळाले, त्या वाल्डेमार हाफकिन यांचा झगडा मात्र सर्पविषाशी नव्हता, प्लेगशी होता.

ओडेसा येथे १८६० साली ज्यू कुटुंबात जन्मलेले हाफकिन हे मेच्निकोव्ह यांचे शिष्य. पॅरिसच्या पाश्चर संस्थेत त्यांनी पटकीची लस तयार केली आणि १८९३ साली ते कलकत्त्यास आले.

१८९६ च्या सप्टेंबरात मुंबईच्या मांडवी भागात प्लेग ओळखला, तो मूळचे हडफड्याचे डॉ. आकासियो व्हिएगस यांनी. पाठोपाठ हाफकिन यांना मुंबईस धाडण्यात आले. ग्रँट मेडिकल कॉलेजातील तोकड्या जागेत त्यांनी प्रयोगशाळा थाटली. गाईचे वा डुकराचे मांस वापरले, तर लोक लस घेणार नाहीत, हे जाणून त्यांनी जंतू वाढवण्यासाठी बोकडाच्या मांसाचा रस घेतला आणि वर तुपाचे थेंब सोडले. तुपाखाली जंतूंचे झुंबरासारखे लोंबते पुंजके धरत. ते हलवून तळाशी पाडायचे, नवे वाढू द्यायचे आणि शेवटी उष्णतेने सारे मारायचे, हीच लस. १० जानेवारी १८९७ रोजी त्यांनी ती प्रथम स्वतःला टोचून घेतली.

त्याच वर्षी येर्सिन घोड्यापासून केलेला रक्तद्रव घेऊन मुंबईस आले. रक्तद्रव म्हणजे जनावराकडून उसनी घेतलेली प्रतिपिंडे, तीही असंख्य पेशींनी घडवलेली, सरमिसळ. एकाच पेशीच्या वंशातून एकसारखी प्रतिपिंडे मिळवण्याची युक्ती १९७५ साली केंब्रिजमध्ये साधली. लस मात्र शरीराकडूनच प्रतिपिंडे करवून घेते. येर्सिन यांना मुंबईत फारसे यश लाभले नाही. हाफकिन यांच्या लसीची मोठी परीक्षा झाली ती गोव्याप्रमाणेच पोर्तुगीज अमलाखाली असलेल्या दमणमध्ये. तेथे लस घेतलेल्या २,१९७ जणांपैकी ३६ दगावले. न घेतलेल्या ६,०३३ जणांपैकी १,४८२.

इतके होऊनही एका बाटलीने त्यांचा घात केला. ऑक्टोबर १९०२ मध्ये पंजाबातील मुलकोवाल गावी एकाच बाटलीतून लस घेतलेले १९ जण धनुर्वाताने मृत्यू पावले. ठपका परळच्या प्रयोगशाळेवर आला आणि हाफकिन यांना पद गमवावे लागले. बाटली उघडताना साहाय्यकाच्या हातून चिमटा जमिनीवर पडला होता, ही साक्ष आधीच नोंदली गेली होती; तरी ती दुर्लक्षिली गेली, हे अक्षम्यच म्हणावे लागेल. रोनाल्ड रॉस आदी शास्त्रज्ञांनी लंडनच्या वृत्तपत्रातून बाजू मांडल्यावर १९०७ साली ते दोषमुक्त झाले. परंतु परळचे संचालकपद त्यांना परत मिळाले नाही. नेमणूक झाली ती कलकत्त्यास.

परळच्या प्रयोगशाळेला त्यांचे नाव १९२५ साली देण्यात आले. पाच वर्षांनी, १९३० मध्ये, स्वित्झर्लंडमधील लोझान येथे त्यांचे निधन झाले.