टिळकांचे तालमीचे वर्ष

लोकमान्य बाळ गंगाधर टिळक यांचे नाव न ऐकलेला विद्यार्थी आमच्या अंबाडीच्या पंचक्रोशीत सापडणे कठीण. परंतु हा खंबीर पुरुष विद्यार्थिदशेत अंगाने अगदी किरकोळ होता, हे पुष्कळांस ठाऊक नसते.

त्यांचा जन्म २३ जुलै १८५६ रोजी रत्नागिरीस झाला. ते दहा वर्षांचे असताना मातोश्री निवर्तल्या. १८७२ साली, मॅट्रिकची परीक्षा तोंडावर आली असता, वडील गंगाधरपंतही गेले. असा पोरका व अशक्त मुलगा पुण्याच्या डेक्कन कॉलेजात दाखल झाला. तत्पूर्वीच त्यांचे लग्न झाले होते. पत्नी त्यांच्याहून सुदृढ, म्हणून सोबती थट्टा करीत, असे चरित्रकार सांगतात. अशा थट्टेने कित्येक मुले खोलीत तोंड लपवून बसतात. टिळक मात्र तालमीत गेले.

कॉलेजातील पहिले वर्ष त्यांनी शरीरासच वाहिले. कुस्ती, नदीत पोहणे, नाव वल्हविणे यांत दिवस जाऊ लागले. पुस्तके बाजूस राहिली व परीक्षेत अपयश आले. पितृछत्र हरपलेल्या मुलाने वर्ष गमावणे ही लहान गोष्ट नव्हे. (आमच्या विद्यार्थ्यांनी याचे अनुकरण करावे, असे आम्ही मुळीच सुचवीत नाही!) पुढे बी. ए. च्या परीक्षेत ते पहिल्या वर्गात उत्तीर्ण झाले.

व्यायामाचा निश्चय पुष्कळ जण करतात. तो टिकतो नेमलेली वेळ, सोबत व आवडीचा प्रकार यांच्या योगाने, आणि नियमित व्यायामाने मनाची उदासीनताही कमी होते, असे आजचे मानसशास्त्र सांगते. टिळकांच्या तरुणपणी हे शास्त्र बाल्यावस्थेतच होते. परंतु त्यांस पोहण्याची मनापासून गोडी होती, आणि भोवती सोबती होते. औषधांवर विसंबणाऱ्या सोबत्यांच्या बाटल्या ते फेकून देत, असेही सांगतात. ही रीत आम्हांस पसंत नाही. थट्टेने वा धाकाने एखादा तालमीत येतो, तर दुसरा कायमचा दुरावतो.

१९०८ साली राजद्रोहाच्या खटल्यात सहा वर्षांची शिक्षा होऊन त्यांची रवानगी मंडालेस झाली. वय बावन्न, जडलेला मधुमेह आणि तुरुंगातील एकांत! तेथेच १९१०-११ च्या हिवाळ्यात त्यांनी पेन्सिलीने ‘गीतारहस्य’ लिहून काढले. १९१२ साली पत्नी सत्यभामाबाई वारल्याची वार्ता त्यांस कोठडीतच कळली. ज्यांच्या सुदृढपणावरून थट्टा होऊन तालमीची वाट धरली, त्यांचे अंत्यदर्शनही त्यांस घडले नाही.

जून १९१४ मध्ये ते सुटून पुण्यास परतले व पुन्हा लोककार्यास लागले. १ ऑगस्ट १९२० रोजी मुंबईस त्यांचा अंत झाला.