विश्लेषण : कारच्या एसीत ‘गॅस’ आला कुठून? थॉमस मिजली या संशोधकाची थंडगार आणि विषारी कहाणी

मार्च सरता सरता गॅरेजांमध्ये एकच तक्रार घेऊन गाड्या येऊ लागतात. एसी चालू आहे, पंखाही जोरात आहे, पण हवा काही थंड लागत नाही. बहुतेक ठिकाणी उत्तरही ठरलेले असते. गॅस संपला, भरून देतो. वास्तविक एसीतला गॅस हा पेट्रोलसारखा जळून संपणारा पदार्थ नाही. तो बंद नळ्यांमधून फिरत राहतो आणि कमी झाला असेल तर कुठून तरी गळालेला असतो. पण गळती नाकाला कळत नाही, डोळ्यांना दिसत नाही, कुणाला त्रासही होत नाही. असा निरुपद्रवी गॅस मुद्दाम शोधून काढला गेला होता. शोधणाऱ्याचे नाव थॉमस मिजली. पेट्रोलमध्ये शिसे मिसळण्याची कल्पनाही याच माणसाची.

मिजली कोण होते?

थॉमस मिजली (धाकटे) यांचा जन्म १८ मे १८८९ रोजी अमेरिकेतील पेनसिल्वेनिया राज्यात बीव्हर फॉल्स येथे झाला. वडीलही संशोधक वृत्तीचे होते. बालपण ओहायो राज्यातल्या कोलंबसमध्ये गेले. १९११ मध्ये कॉर्नेल विद्यापीठातून त्यांनी मेकॅनिकल इंजिनीअरिंगची पदवी घेतली. ही गोष्ट लक्षात ठेवण्याजोगी आहे, कारण पुढे ज्या रसायनशास्त्रात त्यांनी नाव कमावले त्याचे रीतसर शिक्षण त्यांनी घेतलेले नव्हते.

१९१६ मध्ये ते डेटन शहरातल्या चार्ल्स केटरिंग यांच्या प्रयोगशाळेत दाखल झाले. हँडल न फिरवता बटणावर गाडी सुरू करणारा विजेचा स्टार्टर बनवणारे ते हेच केटरिंग. ही प्रयोगशाळा पुढे जनरल मोटर्सच्या छत्राखाली गेली आणि मिजली यांचे बहुतेक आयुष्य त्या कंपनीसाठी काम करण्यात गेले.

त्यांना दिलेले पहिले मोठे काम म्हणजे इंजिनातली खडखड थांबवणे. त्या काळी चढावर किंवा वेग घेताना इंजिनातून ठोके ऐकू येत. ताकद वाया जाई, पिस्टन खराब होत. याला नॉकिंग म्हणतात. इंधन लाल रंगाचे केले तर ते उष्णता लवकर शोषेल आणि नॉकिंग थांबेल, असा एक तर्क लढवला गेला. हाताशी लाल रंग नव्हता म्हणून मिजली यांनी आयोडीन टाकले आणि खडखड खरोखरच कमी झाली. मग खरे लाल रंग आणून पाहिले तर काहीच फरक पडेना. तर्क चुकीचा निघाला, पण इंधनात काहीतरी मिसळून नॉकिंग रोखता येते एवढे कळले. त्यानंतर काही वर्षे त्यांच्या चमूने एकामागून एक रसायने तपासली. त्यातल्या टेल्युरियमच्या संयुगांचा लसणासारखा उग्र वास अंगाला आणि कपड्यांना असा चिकटे की तो जाता जात नसे. अखेर ९ डिसेंबर १९२१ रोजी टेट्राएथिल लेड हे शिशाचे संयुग सापडले. अगदी थोडे मिसळले तरी इंजिन शांत.

शिसे विषारी आहे, हे माहीत नव्हते का?

पूर्ण माहीत होते. शिशाची विषबाधा हा डॉक्टरांना शतकानुशतके ठाऊक असलेला आजार. शिवाय नॉकिंगवर दुसरा उपायही होता आणि तो मिजली यांच्याच चमूने तपासलेला होता. तो म्हणजे अल्कोहोल, आज भारतात पेट्रोलमध्ये मिसळले जाते ते इथेनॉल. मात्र ते कुणीही गाळू शकत होते, त्यावर एका कंपनीची मक्तेदारी शक्य नव्हती आणि ते मिसळावेही लागे बऱ्याच प्रमाणात. शिशाच्या संयुगाची मात्रा चिमूटभर आणि हक्क कंपनीकडे. फेब्रुवारी १९२३ मध्ये डेटनमध्ये त्याची पंपावर विक्री सुरू झाली. नाव ठेवले ‘एथिल’. त्यात शिशाचा उल्लेखही नव्हता, आणि ही विसरभोळेपणाने झालेली गोष्ट नव्हे.

त्याच वर्षाच्या सुरुवातीला खुद्द मिजली यांना शिशाची बाधा झाल्याने फ्लोरिडात जाऊन विश्रांती घ्यावी लागली होती. १९२४ च्या ऑक्टोबरमध्ये न्यू जर्सीतल्या बेवे येथील कारखान्यात हे संयुग तयार करणारे कामगार भ्रमिष्टासारखे वागू लागले. त्यातले पाच जण दगावले, कित्येकांना रुग्णालयात न्यावे लागले. खळबळ शमवण्यासाठी ३० ऑक्टोबरला मिजली पत्रकारांपुढे आले. त्यांनी ते द्रव हातांवर ओतून घेतले, बाटली नाकाशी धरून मिनिटभर वास घेतला आणि यात काही धोका नाही असे सांगितले. स्वतः त्याच विषाने आजारी पडलेला माणूस हे सांगत होता. विक्री काही काळ थांबली, सरकारी समिती बसली आणि १९२६ मध्ये पुन्हा परवानगी मिळाली. पुढची कित्येक दशके जगभरातल्या गाड्यांच्या धुरातून शिसे बाहेर पडत राहिले आणि मुलांच्या मेंदूवर त्याचे परिणाम होत राहिले. भारतात शिसेयुक्त पेट्रोल २००० साली बंद झाले. जगातला शेवटचा देश अल्जीरिया, तिथे ते २०२१ पर्यंत विकले जात होते.

मग थंड करणारा गॅस कसा सापडला?

थंडाव्याचे तत्त्व साधे आहे. द्रवाची वाफ होताना तो आजूबाजूची उष्णता ओढून घेतो. माठातले पाणी त्यानेच गार होते. फ्रिज किंवा एसीत ही वाफ बाहेर सोडून न देता कॉम्प्रेसरने दाबून, बाहेरच्या जाळीत गार करून पुन्हा तिचा द्रव करतात आणि तोच फेरा चालू ठेवतात. प्रश्न एवढाच की कोणता द्रव वापरायचा. १९२० च्या दशकातल्या फ्रिजमध्ये अमोनिया, सल्फर डायऑक्साइड किंवा मिथाइल क्लोराइड असे. पहिले दोन नाकाला झोंबणारे आणि विषारी, तिसरे विषारी आणि शिवाय पेट घेणारे. नळी गळली आणि घरातली माणसे दगावली, अशा घटना घडत होत्या. स्वयंपाकघरात असे यंत्र ठेवायला लोक बिचकत.

फ्रिजिडेअर ही जनरल मोटर्सचीच कंपनी. १९२८ मध्ये केटरिंग यांनी मिजली यांना विष नसलेला, न जळणारा पदार्थ शोधायला सांगितले. अल्बर्ट हेने आणि रॉबर्ट मॅकनॅरी हे दोन रसायनतज्ज्ञ त्यांच्या सोबतीला होते. मूलद्रव्यांचा तक्ता समोर ठेवून त्यांनी विचार केला, तेव्हा बोट फ्लोरिनवर येऊन थांबले. फ्लोरिन स्वतः अतिशय जहाल, म्हणून त्याच्या संयुगांकडे तोवर फारसे कुणी वळले नव्हते. तीन दिवसांत त्यांनी डायक्लोरोडायफ्लुओरोमिथेन तयार केले. कार्बनचा एक अणू, क्लोरिनचे दोन, फ्लोरिनचे दोन. हाच पुढचा आर-१२. उणे ३० अंशांच्या आसपास तो उकळतो, म्हणजे थंडाव्यासाठी अगदी सोयीचा.

या शोधात नशिबाचाही वाटा होता. गॅस बनवायला लागणाऱ्या अँटिमनी ट्रायफ्लुओराइडच्या पाच छोट्या बाटल्या त्यांना मिळाल्या होत्या. त्यातली एक उचलून गॅस बनवला आणि एका गिनिपिगला त्यात ठेवले. ते मजेत राहिले. पुढच्या बाटलीतून बनवलेल्या गॅसने मात्र गिनिपिग मेले. तपास केला तेव्हा कळले, की चांगली बाटली एकच होती. बाकीच्यांत पाण्याचा अंश असलेला क्षार मिसळलेला होता आणि त्यातून फॉस्जीन हा प्राणघातक वायू तयार झाला होता. पहिल्याच वेळी यातली एखादी बाटली हाती आली असती, तर कदाचित हा सगळा विषय तिथेच गुंडाळला गेला असता.

एप्रिल १९३० मध्ये अटलांटा येथे अमेरिकन केमिकल सोसायटीच्या सभेत मिजली यांनी तो गॅस छातीत भरून घेतला आणि जळत्या मेणबत्तीवर फुंकला. मेणबत्ती विझली, मिजली ठणठणीत. विषारी नाही आणि जळत नाही, दोन्ही गोष्टी एका फुंकरीत सिद्ध. सहा वर्षांपूर्वीचे प्रात्यक्षिक ही धूळफेक होती, हे मात्र खरे होते. त्याच वर्षी जनरल मोटर्स आणि ड्युपाँट यांनी मिळून कंपनी काढली आणि गॅस ‘फ्रिऑन’ नावाने बाजारात आला.

कारमध्ये एसी कधी आला?

पॅकार्ड कंपनीने नोव्हेंबर १९३९ मध्ये शिकागोच्या वाहन प्रदर्शनात कारखान्यातूनच एसी बसवून येणारी गाडी मांडली. आत आर-१२ होता. किंमत जादा २७४ डॉलर. यंत्रणेने डिकीची निम्मी जागा खाल्ली होती. शिवाय कॉम्प्रेसर बंद करण्याची सोयच नव्हती. गार वाटू लागले की गाडी थांबवा, इंजिन बंद करा, बॉनेट उघडा आणि पट्टा काढून ठेवा. ही गाडी फार खपली नाही यात नवल नाही. कारच्या एसीला खरे दिवस १९५० च्या दशकात आले. विषारी गॅस असता तर बंद काचांच्या गाडीत ही यंत्रणा कुणी घेतलीच नसती.

ते दिवस पाहायला मिजली नव्हते. १९४० मध्ये, वयाच्या ५१ व्या वर्षी त्यांना पोलिओ झाला आणि पाय निकामी झाले. बिछान्यातून उठता यावे म्हणून त्यांनी स्वतःच दोऱ्या आणि कप्प्यांची एक यंत्रणा बनवली. २ नोव्हेंबर १९४४ रोजी त्याच दोऱ्यांत अडकून त्यांचा गळफासाने मृत्यू झाला. तो अपघात होता की आत्महत्या, याबद्दल वेगवेगळे सांगितले जाते. त्या वर्षी ते अमेरिकन केमिकल सोसायटीचे अध्यक्ष होते. त्यांच्या क्षेत्रातले जवळपास सगळे मोठे सन्मान त्यांना मिळून चुकले होते.

फ्रिऑनचे दोष कधी कळले?

त्यांच्या मृत्यूनंतर तीस वर्षांनी. १९७४ मध्ये मारियो मोलिना आणि शेरवूड रोलंड यांनी दाखवून दिले, की हा गॅस खाली कशाशीच अभिक्रिया करत नाही, म्हणून न मोडता थेट वरच्या वातावरणात पोहोचतो. तिथे अतिनील किरणांनी त्यातले क्लोरिन सुटते आणि एकेक अणू हजारो ओझोन रेणूंचा नाश करतो. ज्या स्थिरपणामुळे तो सुरक्षित ठरला होता, नेमका तोच घातक ठरला. १९८५ मध्ये अंटार्क्टिकावरच्या ओझोनची मोठी घट ब्रिटिश संशोधकांनी जाहीर केली आणि १६ सप्टेंबर १९८७ रोजी माँट्रियल करार झाला. भारत त्यात १९९२ मध्ये सामील झाला. २०१० पासून देशात हे गॅस, काही औषधी फवाऱ्यांचा अपवाद वगळता, बंद आहेत. मोलिना, रोलंड आणि पॉल क्रुट्झेन यांना १९९५ चे नोबेल मिळाले.

मिजली यांचे दोन्ही शोध एकाच तागडीत टाकण्याची सवय पडली आहे, ती योग्य नाही. ओझोन कसा तयार होतो आणि कसा मोडतो याची पहिली मांडणीच सिडनी चॅपमन यांनी १९३० मध्ये केली, म्हणजे मेणबत्ती विझवली त्याच वर्षी. क्लोरिनचा त्याच्याशी संबंध तेव्हा कुणाच्या मनातही नव्हता. शिशाबाबत मात्र अशी सबब सांगता येत नाही.

आजच्या गाडीशी याचा संबंध काय?

भारतात रस्त्यावर असलेल्या बहुसंख्य गाड्यांच्या एसीत आता आर-१३४ए आहे. त्यात क्लोरिन नाही, त्यामुळे ओझोनला धक्का लागत नाही. पण हा गॅस कार्बन डायऑक्साइडच्या सुमारे १,४०० पट उष्णता धरून ठेवतो. छोट्या कारच्या एसीत साधारण अर्धा किलो गॅस मावतो. तो सगळा गळाला तर सुमारे ७०० किलो कार्बन डायऑक्साइड सोडल्यासारखे होते, म्हणजे जवळपास ३०० लिटर पेट्रोल जाळल्याइतके. युरोपात २०१७ पासून नव्या गाड्यांत तो चालत नाही. तिथे आर-१२३४वायएफ वापरतात, त्याचा तापमानवाढीवरचा परिणाम नगण्य आहे, पण तो थोडासा ज्वलनशील आणि महाग आहे.

म्हणून दर उन्हाळ्यात गॅस भरून घेणे हा उपाय नव्हे. गळती शोधायला नायट्रोजनचा दाब देऊन साबणाचा फेस लावतात किंवा अतिनील प्रकाशात चमकणारा रंग आत सोडतात. सांध्यांतली रबरी रिंग, कॉम्प्रेसरचे सील आणि पुढच्या जाळीला लागलेला खडा ही नेहमीची ठिकाणे. गळती बुजवल्यावर आणि नवा गॅस भरण्यापूर्वी व्हॅक्यूम पंपाने नळ्या पूर्ण कोरड्या करणे आवश्यक असते. मिजली यांच्या बाटल्यांत पाण्याने घात केला होता. इथेही ओलावा राहिला तर गॅस आणि तेलाशी मिळून आम्ल तयार होते, धातू झिजतो आणि बारीक छिद्राच्या व्हॉल्व्हमध्ये बर्फ धरतो. घाईत ही पायरी गाळली जाते.

गॅस पुरेसा असूनही गारवा कमी असेल, तर दोष बहुधा धुळीचा. रेडिएटरपुढची जाळी म्हणजे कंडेन्सर माती आणि किड्यांनी भरला की उष्णता बाहेर पडत नाही. विदर्भातल्या ४५ अंशांत तर हा फरक लगेच जाणवतो. हलक्या धारेने पाणी मारून तो साफ होतो. जोराच्या धारेने मात्र पत्र्याच्या नाजूक पात्या वाकतात. डॅशबोर्डमागचा केबिन फिल्टर बदलायला काही मिनिटे पुरतात. हिवाळ्यातही आठवड्यातून एकदा दहा मिनिटे एसी चालवला तर तेल फिरत राहते आणि सील कोरडे पडून तडकत नाहीत.

कोणताही गॅस कोणत्याही गाडीत चालत नाही. आर-१२ बरोबर खनिज तेल चाले, आर-१३४ए ला वेगळे कृत्रिम तेल लागते. स्वस्तात मिळतो म्हणून स्वयंपाकाच्या गॅसच्या जातीचा गॅस भरणे तर सरळ धोक्याचे, कारण तो पेट घेतो आणि नळ्या थेट इंजिनाशेजारून जातात. गाडीला कोणता गॅस लागतो आणि किती ग्रॅम, हे बहुतेक गाड्यांत बॉनेटखाली चिकटवलेल्या स्टिकरवर लिहिलेले असते. वजनकाट्यावर मोजून तेवढाच गॅस भरायचा असतो, कमीही नाही आणि जास्तही नाही.