‘रुचिरा’कार कमलाबाई ओगले
कमलाबाईंचा जन्म १९१३ सालचा, आजच्या सांगली जिल्ह्यातील कुंडल गावचा. शाळा चौथीपर्यंतच. स्वयंपाकाचे खरे शिक्षण लग्नानंतर, सासूबाईंच्या हाताखाली झाले. १९७० साली त्यांची ‘रुचिरा’ निघाली. ‘अंदाजाने घाला’ म्हणून वेळ मारून न नेता त्यांनी वाटी-चमच्याचे माप दिले. आम्ही सर्वांत मोठे मानतो ते हेच. कारण मुलूख सोडून आलेल्या आमच्या कित्येक घरांत विचारायला वडीलधारी बाईच नसे. गौरीजेवणाला वीस पाने मांडायची आणि पुरणपोळी तव्यावरच फाटायची! अशा सुनांना या पुस्तकाने धीर दिला. आमच्या घरची प्रत तुपाने डागाळली आहे, कटाच्या आमटीचे पान तर सुटूनच आले आहे. कमलाबाई १९९९ साली गेल्या.