न ऐकलेल्या टाळ्या

बेसबॉल म्हटलं की आपल्याला फार तर बेब रूथ आठवतो. पण आज ज्याच्याबद्दल सांगायचंय, त्याने एकही टाळी कानाने न ऐकता आख्खं करिअर केलं!

विल्यम हॉयचा जन्म 23 मे 1862 रोजी अमेरिकेतल्या ओहायो राज्यात झाला. तीन वर्षांचा असताना मेनिंजायटिस झाला आणि त्याचं ऐकू येणं कायमचं गेलं. कोलंबसच्या कर्णबधिरांच्या शाळेतून तो पहिला आला आणि पुढे बूट शिवायच्या धंद्यात पडला.

1886 मध्ये ऑशकॉशच्या टीमने त्याला घेतलं. तिथे खरा प्रॉब्लेम सुरू झाला. अंपायर बॉल की स्ट्राइक हे ओरडून सांगायचा. हॉय वळून बघेपर्यंत पिचर पुढचा बॉल टाकून मोकळा! त्याने डोकं लढवलं. थर्ड बेसजवळच्या कोचला हाताने खुणा करायला सांगितलं. झालं, बॅटिंग सुधारली. अंपायरच्या आजच्या खुणा त्याच्यामुळेच आल्या असं पुष्कळजण मानतात, पण इतिहासकारांचं त्यावर एकमत नाही.

1888 मध्ये वॉशिंग्टनकडून पहिल्याच सीझनला त्याने 82 बेस चोरले, लीगमध्ये सर्वात जास्त. 19 जून 1889 ला आउटफिल्डमधून थ्रो करून एकाच मॅचमध्ये तिघांना होम प्लेटवर आउट केलं. 1902 पर्यंत तो मेजर लीगमध्ये खेळला आणि त्याच्या नावावर दोन हजारांवर हिट्स आहेत.

लोक त्याला 'डमी' म्हणायचे, म्हणजे त्या काळच्या भाषेत मुका. हॉयने हे नाव स्वतःहून मिरवलं, पण तो त्याचा चॉइस होता. आपल्या होस्टेलवर पहिल्याच आठवड्यात सगळ्यांची बारशी होतात. फर्स्ट इयरला एका अडखळत बोलणाऱ्या मित्राला मीही असंच एक नाव ठेवलं होतं. त्याला आवडतं का, हे कधी विचारलंच नाही. हा लेख लिहिताना मात्र ते सारखं टोचत राहिलं. आता त्याला त्याच्या खऱ्या नावानेच हाक मारायची असं ठरवलंय.

ऑक्टोबर 1961 मध्ये, वयाच्या 99 व्या वर्षी, सिनसिनाटीतल्या वर्ल्ड सिरीजच्या मॅचला पहिला बॉल हॉयने टाकला. त्याच वर्षी 15 डिसेंबरला तो गेला. टाळ्या त्याने आयुष्यभर फक्त डोळ्यांनी पाहिल्या.