ज्ञानकोशकार डॉ. केतकर

गतवर्षी नेरुळ येथे भरलेल्या आपल्या स्नेहसंमेलनात ज्ञातीतील एका तरुणाने आपले हस्तलिखित आमच्या हाती दिले. प्रकाशकांकडून ते साभार परत आले होते. स्वतःच छापलेल्या पुस्तकास लोक पुस्तक मानतील काय, असे त्याने विचारले. आम्हांस तत्काळ उत्तर देता आले नाही. सेवानिवृत्तीनंतर आम्हीही पदरमोड करून एक लहानसे पुस्तक छापले होते व त्याच्या बहुतेक प्रती आजही आमच्या पलंगाखाली आहेत. यंदा स्मरणिकेसाठी एका थोर पुरुषाचे चरित्र लिहिण्याची आज्ञा झाली, तेव्हा त्या प्रश्नाचे उत्तर ज्यांच्या आयुष्यात सापडते, त्या डॉ. श्रीधर व्यंकटेश केतकर यांचेच स्मरण झाले.

डॉक्टरांचा जन्म 2 फेब्रुवारी 1884 रोजी रायपूर येथे झाला. अमरावतीस शालेय शिक्षण व मुंबईच्या विल्सन कॉलेजात काही काळ अध्ययन झाल्यावर 1906 साली ते अमेरिकेस गेले व तेथील कॉर्नेल विद्यापीठातून त्यांनी डॉक्टरेट मिळविली. हिंदुस्थानातील जातिसंस्थेच्या इतिहासावरील त्यांच्या इंग्रजी ग्रंथाचा पहिला भाग 1909 साली प्रसिद्ध झाला. जातिसंस्था हा शास्त्रीय अभ्यासाचा विषय आहे, हे इतक्या लहान वयात दाखवून देणाऱ्या या विद्वानाचे आपल्यासारख्या ज्ञातिसंस्थेने विशेष स्मरण ठेवावयास हवे.

1912 साली स्वदेशी परतल्यावर त्यांनी मराठीत ज्ञानकोश रचण्याचा संकल्प सोडला. त्या काळी मराठी ग्रंथांचा खप बेताचाच असे. एवढे प्रचंड काम पुरे होईल, यावर भल्याभल्यांचा विश्वास बसेना. मग डॉक्टरांनी काय केले? कोणा धनिकाच्या वा सरकारच्या कृपेची वाट पाहत ते बसले नाहीत. 1916 साली नागपूर येथे त्यांनी ज्ञानकोश मंडळ ही मर्यादित जबाबदारीची कंपनी स्थापन केली, भाग विकले आणि गावोगाव हिंडून वर्गणीदार मिळविले. एक अक्षरही छापून झालेले नसताना लोकांनी भावी ग्रंथासाठी पैसे द्यावेत, असे ते दारोदार पटवून देत. विद्वानास हे काम कमीपणाचे वाटण्याचा संभव होता. डॉक्टरांना तसे वाटले नाही.

पुढे कचेरी पुण्यास आली. मंडळाचा स्वतःचा छापखानाही झाला. आरंभी पाच प्रस्तावनाखंड, त्यानंतर अकारविल्हे मजकुराचे शरीरखंड, असे करीत एकंदर 23 खंड 1920 च्या दशकात पुरे झाले. याच मंडळात तयार झालेल्या यशवंत रामकृष्ण दाते व चिंतामण गणेश कर्वे यांनी पुढे महाराष्ट्र शब्दकोश सिद्ध केला. एका माणसाच्या उद्योगातून दुसरी विद्वन्मंडळी कशी उभी राहते, याचे हे ठळक उदाहरण होय. डॉक्टरांनी या सर्व खटाटोपाचा वृत्तान्तही आपल्या बारा वर्षांच्या कामाचा इतिहास म्हणून स्वतंत्र पुस्तकात लिहून ठेवला. वर्गणीदारांपुढे आपल्या कामाचा झाडा ठेवणे हाही त्यांच्या लेखी लेखकाचा धर्मच होता.

कोशाच्या व्यापातच त्यांनी ‘गोंडवनातील प्रियंवदा’, ‘ब्राह्मणकन्या’ इत्यादी कादंबऱ्या लिहिल्या. भाषा ओबडधोबड म्हणून टीकाकारांनी त्यांस नावे ठेविली. तथापि त्यांतील सामाजिक विचार आजही वाचकास अस्वस्थ करतो. 1931 साली हैदराबाद येथील साहित्य संमेलनाचे अध्यक्षपद त्यांस मिळाले. मान मिळाला, धन मात्र मिळाले नाही. अखेरची वर्षे ओढग्रस्तीत काढून, मधुमेहाने जर्जर होऊन 10 एप्रिल 1937 रोजी पुणे येथे ते निवर्तले. वयाची पुरती चौपन्न वर्षेही त्यांस लाभली नाहीत.

हे चरित्र लिहिताना आमची स्वतःची चूक आम्हांस उमगली. आम्ही आधी पुस्तक छापले व मग वाचक शोधू लागलो. डॉक्टरांनी आधी वाचक जोडले व मग ग्रंथ छापला. तेव्हा त्या तरुणास आमचे आता असे उत्तर आहे : स्वतः छापण्यात उणेपणा नाही, परंतु छापखान्यात जाण्यापूर्वी शंभर दारे ठोठवावीत आणि घेतलेल्या पैशाचा हिशेब द्यावा.

मात्र दार ठोठावले गेले, तर ते उघडणे हे आपले काम आहे. केतकरांचा कोश पुरा झाला तो अनेक अनोळखी कुटुंबांनी न पाहिलेल्या ग्रंथाची वर्गणी भरली म्हणून. वाशीपासून पनवेलपर्यंत विखुरलेल्या आपल्या सभासद कुटुंबांत लग्नमुंजींवर होणारा खर्च आम्ही नित्य पाहतो. त्यातील अल्पसा अंश ज्ञातीतील लेखकाच्या एका प्रतीसाठी आगाऊ काढून ठेवावा, एवढीच प्रार्थना. त्या तरुणाच्या पुस्तकाच्या पहिल्या प्रतीचे पैसे आम्ही त्याच्या हाती ठेविले आहेत. दुसरी प्रत कोणाच्या घरी जाणार, याची आम्ही वाट पाहत आहोत.