डॉ. आनंदीबाई जोशी : परदेशातील आजारपण

डॉ. आनंदीबाई जोशी (१८६५–१८८७) यांच्या अकाली मृत्यूचा मराठी मनावर इतका खोल ठसा आहे की, त्यांचे आजारपण हे त्या मृत्यूचे केवळ पूर्वचिन्ह मानले जाते. काशीबाई कानिटकरांच्या चरित्राने आणि पुढे श्री. ज. जोशी यांच्या ‘आनंदी गोपाळ’ या कादंबरीने त्यांची ध्येयनिष्ठा घरोघर पोहोचविली. देहाची कहाणी मात्र वाचकाच्या स्मरणात मागे पडते.

वस्तुतः एप्रिल १८८३ मध्ये पतीला मागे ठेवून कलकत्त्याहून निघताना त्या निरोगी नव्हत्या. चौदाव्या वर्षीचे बाळंतपण आणि दहा दिवसांत दगावलेले मूल हा भूतकाळ पाठीशी होता. डोकेदुखी, ताप, धाप हे विकार सुरूच होते. कार्पेंटरबाईंनी अमेरिकेहून पाठविलेल्या औषधांनीही गुण आला नव्हता. फिलाडेल्फियाच्या स्त्रियांच्या वैद्यकीय महाविद्यालयात शिकताना थंडीची भर पडली. त्यातच घटसर्पाने त्यांना गाठले. ज्या रोगांची लक्षणे वर्गात शिकायची, तीच अंगावर सोसायची, आणि शुश्रूषेला माहेर-सासरचे कोणी नाही, अशी ही अवस्था होती.

शाकाहार आणि स्वदेशी वेष यांचा आग्रह त्यांना भोवला, असे एक मत मांडले जाते. ते सर्वस्वी निराधार म्हणता येत नाही. कडाक्याच्या हिवाळ्यात या आग्रहाचा ताण पडलाच असणार. परंतु सारा दोष तेथे ठेवणे अन्यायाचे होय. क्षयाचा जंतू कॉख यांनी १८८२ मध्ये दाखविला. त्यावरील पहिले परिणामकारक प्रतिजैविक, स्ट्रेप्टोमायसिन, १९४३ मध्ये हाती आले. आनंदीबाईंच्या काळचे वैद्यक रोगाला नाव देऊ शकत होते, उतारा देऊ शकत नव्हते. त्या मांसाहारी झाल्या असत्या, तरी हे बदलले नसते.

११ मार्च १८८६ रोजी पदवी मिळाली, त्या समारंभास गोपाळराव आणि पंडिता रमाबाई उपस्थित होत्या. प्राचीन हिंदूंच्या प्रसूतिशास्त्रावरील त्यांचा प्रबंध याच पदवीसाठीचा. बोस्टनच्या रुग्णालयातील उमेदवारी प्रकृतीने पुरी होऊ दिली नाही. कोल्हापूरच्या अल्बर्ट एडवर्ड रुग्णालयात स्त्री-कक्षाच्या प्रमुखपदी नेमणूक झाली होती. नोव्हेंबरात त्या मुंबईस उतरल्या त्या रुग्ण म्हणूनच. कोल्हापूरचा कार्यभार घेणे झालेच नाही. २६ फेब्रुवारी १८८७ रोजी पुण्यात त्यांचे निधन झाले. त्यांच्या अस्थी कार्पेंटरबाईंकडे पाठविण्यात आल्या आणि न्यूयॉर्क राज्यातील पोकीप्सी येथील त्या कुटुंबाच्या दफनभूमीत ठेवल्या गेल्या.