अडचणीची नेमकी जागा : विश्वेश्वरय्या

आमच्या अंजूरहून भिवंडी जवळ. तेथील मागांच्या धंद्यात एक गोष्ट नेहमी दिसते. सायझिंगमधून बीम वेळेवर आला नाही, की दहा माग असले तरी दहाही उभे राहतात. अशा वेळी अकरावा माग विकत घेऊन काय उपयोग? काम जेथे अडते ती जागा आधी मोकळी करावी लागते. हे साधे सूत्र ज्यांनी पाण्याच्या कामात आयुष्यभर पाळले, ते थोर स्थापत्यविशारद म्हणजे मोक्षगुंडम विश्वेश्वरय्या.

म्हैसूर संस्थानातील मुद्देनहळ्ळी या खेड्यात 1861 साली त्यांचा जन्म झाला. वडील लवकर गेले, घरची गरिबी. बंगळूरला मुलांच्या शिकवण्या करून ते शिकले व 1881 साली बी. ए. झाले. पुढे संस्थानची शिष्यवृत्ती मिळाली आणि ते पुण्याच्या सायन्स कॉलेजात आले. 1883 साली स्थापत्याच्या परीक्षेत पहिले येऊन, पुढच्याच वर्षी ते मुंबई इलाख्याच्या बांधकाम खात्यात रुजू झाले. नाशिक, खानदेश, पुणे ही त्यांची कर्मभूमी. म्हणून ते जन्माने म्हैसूरचे असले तरी आपलेही आहेत.

खडकवासल्याच्या तलावातून पुण्याला पिण्याचे व मुठा कालव्याला शेतीचे पाणी जाई. उन्हाळ्यात ते अपुरे पडे. पावसाळ्यात मात्र सांडव्यावरून वाहून जाई. धरणाची उंची वाढवणे खर्चाचे होते. अडचण पावसात नव्हती, ती सांडव्यावर होती! विश्वेश्वरय्यांनी तेथे स्वयंचलित दारे बसविली. पाणी ठराविक पातळीपर्यंत चढले की दारे आपोआप उघडत, उतरले की मिटत. 1903 साली हे काम पूर्ण झाले आणि तलावात सुमारे 8 फूट अधिक पाणी साठू लागले. या दारांचे पेटंट त्यांच्या नावे होते. पण सरकारी नोकरीत केलेल्या कामाचे मानधन त्यांनी नाकारले.

नीरा कालव्यावर अडचण वेगळी होती. ज्याला पाणी मिळे तो हवे तेवढे घेई. जमीन चिबड होई आणि पुढची गावे कोरडी राहत. त्यांनी ब्लॉक पद्धत सुचविली. प्रत्येक गावातील निवडक जमिनीचे गट पाडायचे, त्यांत ऊस व इतर पिके आळीपाळीने घ्यायची आणि पाणी मोजून, ठरल्या पाळीने द्यायचे. हातचे पाणी जाईल या भीतीने शेतकऱ्यांनी विरोध केला. तो विरोध अगदीच खोटा नव्हता. काहींचे पाणी खरोखरच कमी होणार होते. त्यांनी लोकांच्या सभा घेतल्या, समजावले आणि मग योजना हळूहळू रुजवली.

1908 साली त्यांनी नोकरी सोडली. पुढे ते म्हैसूरचे मुख्य अभियंता व 1912 ते 1918 दिवाण झाले. 1955 साली त्यांना भारतरत्न मिळाले आणि 1962 साली, शंभरी ओलांडून, ते निवर्तले.

आपण काही कमी पडले की लगेच अधिक मागतो : अधिक पाणी, अधिक पैसा, अधिक वेळ. आहे ते कोठे वाया जाते आणि कोणापर्यंत पोचत नाही, हे आधी पाहावे, असे त्यांचे चरित्र सांगते. कालव्याच्या शेवटच्या गावाला पाणी पोचले, तरच ते काम पुरे झाले. शिक्षणाच्या कालव्याचेही तसेच नाही काय?